कुठल्या पानावर

मुलुंड पूर्वेच्या शुभदा सोसायटीत दर गुरुवारी दुपारी तीनला मृणालिनीताईंच्या घरी सात बायका जमायच्या आणि एकाच कादंबरीवर तासभर बोलायच्या. लायब्ररीतून आणलेली प्रत एकच. ती चार-चार दिवस घरोघर फिरायची, आणि सगळ्यांची वाचून झाली की महिनाभर तिच्यावर चर्चा, तोवर पुढची फिरायला लागायची. मंडळ ताईंचं, नियमही ताईंचेच. लग्नाआधी त्या फोर्टात एका वकिलाकडे टायपिस्ट होत्या. कागदावर नाही ते नाहीच, ही तिथली शिकवण त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. कुणी काही मत मांडलं की ताई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "हे कुठल्या पानावर आहे?" पान दाखवता आलं तर मुद्दा इतिवृत्ताच्या वहीत. नाही आलं तर पुढच्या गुरुवारचे पोहे तिच्याकडे.

नियम तसा वाईट नव्हता. त्याआधी चर्चा पहिल्या प्रकरणावर सुरू व्हायची आणि कुणाच्या तरी नणंदेवर संपायची. घरची रडगाणी ऐकायला बिल्डिंगचा जिना पुरे आहे, त्यासाठी कादंबरी कशाला, असं ताई म्हणायच्या. बायकाही हसून मान डोलवायच्या.

रत्नप्रभा तिसऱ्या मजल्यावरची, मंडळात सगळ्यांत धाकटी. विक्रोळीच्या चाळीतून दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आली होती. तिची सासू तिला देवळातसुद्धा एकटी सोडत नसे, पण ताईंकडे सोडायची, कारण ताईंचे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी. पोरगी यायची, दाराजवळ बसायची, कपबशा विसळून जायची. तोंडातून अक्षर नाही.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत अंबू नावाच्या सुनेची कादंबरी चालू होती. अंबू सासूशी भांडते, रुसून माहेरी जाते, नवरा न्यायला येतो, सगळं गोड होतं. त्या गुरुवारी ताईंनी सहज विचारलं, रत्ना, तुला काय वाटलं? आणि ती बोलायला लागली.

अंबूला माहेरी जाताच येणार नाही, ती म्हणाली. भावाची एकच खोली, त्याच्या तीन मुली. लग्नात कबूल केलेली स्कूटर त्याला जमली नाही, ते अंबूला रोज ऐकावं लागतं. पंधरा दिवसांपूर्वी सासूने माळ्यावरचा जुना स्टोव्ह खाली काढून ठेवलाय. घरात गॅस असताना.

"म्हणून अंबू रात्री काडेपेटी तांदळाच्या डब्यात लपवते," रत्नप्रभा म्हणाली. "आणि मग तिला झोप येत नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कादंबरीत ना स्टोव्ह होता, ना स्कूटर. तिच्या शेजारच्या ब्लॉकमधली कुंदा हसली आणि म्हणाली, अगं, तू भलतंच पुस्तक वाचलंस. मग सगळ्याच हसल्या. रत्नप्रभा मात्र फक्त ताईंकडे बघत होती.

ताईंना कळलं नाही असं कुणी म्हणेल तर ते खोटं. त्यांना पुरतं कळलं होतं. कळलं म्हणूनच त्या घाबरल्या. तिसऱ्या मजल्याशी वैर, यजमानांचं सेक्रेटरीपद, जिन्यावरची कुजबुज, सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. हाताशी नियम होता, तो त्यांनी पुढे केला.

"हे कुठल्या पानावर आहे?"

रत्नप्रभाने पुस्तक उघडलं. पानं उलटत राहिली, खरोखर शोधत असल्यासारखी, बराच वेळ. मग पुस्तक मिटून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी पोहे मी आणते."

मंगळवारी सकाळी ती गेली. स्टोव्हचा भडका उडाला, सासूने सांगितलं. घरात गॅस असताना स्टोव्ह कशाला पेटवला, हे अख्ख्या बिल्डिंगच्या मनात आलं आणि मनातच राहिलं. तेरा दिवस लोक जिन्यावरून हळू पावलांनी चढले-उतरले, एवढीच काय ती माणुसकी.

चौदाव्या दिवशी तिचा भाऊ दशरथ ताईंच्या दारात उभा राहिला. विक्रोळीच्या कारखान्यातला माणूस, अंगावर कामाचाच शर्ट. सगळ्या मजल्यांवरून हात हलवत आला होता. कुंदाने काही आठवत नाही म्हणून दार लावलं होतं.

"माझी बहीण तुमच्याकडे येय होती," तो म्हणाला. "काय तरी बोलली आसतली. तुमी तरी सांगा, ताई."

यजमान आतून खाकरले. यात पडू नकोस, असा त्याचा अर्थ ताईंना बावीस वर्षांत पाठ झाला होता. पण त्या उठल्या, चपला घातल्या, कपाटातून वही घेतली आणि दशरथबरोबर चौकीवर गेल्या. रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. आता तरी बोलायचंच होतं.

इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. स्टोव्ह, स्कूटर, काडेपेटी, एकही गोष्ट ताईंनी गाळली नाही. मग त्याने सांगितलं की तुम्ही सोडून मंडळातल्या बाकीच्या बायकांना विचारून झालंय. सासरबद्दल ती कधी काही बोललीच नाही, असं पाचही जणींनी लिहून दिलंय. एकट्या तुमच्या तोंडी शब्दावर कोर्टात किती टिकणार? तुम्ही त्याच दिवशी काही लिहून ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी.

ताईंनी वही पुढे सरकवली. हात पुढे जात असतानाच त्यांना आठवलं. इन्स्पेक्टरने त्या गुरुवारचं पान काढलं आणि त्यांच्याच सुबक अक्षरातली ओळ मोठ्याने वाचली. "सौ. रत्नप्रभा यांचे म्हणणे पुस्तकाबाहेरचे असल्याने नोंदवले नाही. पुढील वेळी पोहे."

दशरथ भिंतीला टेकून उभा होता.

इन्स्पेक्टरने मागची दोन-चार पानं चाळली, पुढची कोरी पाहिली. "तुम्ही सांगता ते कुठल्या पानावर आहे, बाई?"

ताईंनी वही आपल्याकडे ओढली आणि पहिल्यापासून एकेक पान उलटायला सुरुवात केली.