गोठ्यातले आढ्याचे दिवे

धाकट्या भावाची बायको प्रियांका धाकलूच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलायची. त्यात तिनं गोठाच बळकावला! बैल विकल्यावर ती जागा त्याला ट्रॅक्टर लावायला हवी होती. हिनं तिथं मांडण्या ठोकून मिरचीची रोपं धरली. बाहेर माकडं काही ठेवत नाहीत म्हणे.

अंधाऱ्या गोठ्यात रोपांना उजेड हवा, म्हणून दिवे घ्यायला शहापूरला दोघं एकत्र गेली, आणि दुकानातच जुंपली.

"हा हॅलोजन घे. उजेड असा पायजे!"

"त्याची बहुतेक वीज तापण्यातच जाते, भाऊजी. या एलईडी नळ्या कमी विजेत जास्त उजेड देतात, आणि फारशा तापत नाहीत."

"उजेडाला चटका नाय? मला शिकवतेस?"

तिनं नळ्याच घेतल्या आणि घरातल्या दिव्यासारख्या आढ्याला टांगल्या. रोपं उजेडाच्या ओढीनं दोऱ्यासारखी लांबली आणि आडवी पडली. धाकलूला उकळ्या फुटल्या. ओटीवर चार माणसांसमोर तो गरजला, "होळीला रोपं ताठ नसली तर गोठा माझा!"

"आणि असली तर गोठ्याचं नाव काढायचं नाय!" तीही पेटली.

तिनं पुन्हा बी टाकलं. कोंब वर आले आणि मुरबाडहून निरोप आला, आई आजारी आहे. धाकलूच्या बायकोला, हौसाला, पाणी घालायला सांगून ती माहेरी गेली.

त्याच आठवड्यात धाकलू भाताच्या रोपांसाठी राब भाजत होता. पाला पेटला की जमिनीतलं गवताचं बी जळून खाक होतं, हे तो जन्मभर बघत आलेला. मग दिव्याच्या चटक्यापुढं त्या कोंबांची काय कथा! तो गोठ्यात शिरला आणि एका मांडणीवरच्या नळ्या दोरीनं खाली ओढून रोपांच्या वीतभर वर बांधल्या. दुसऱ्या मांडणीकडे वळणार तोच हौसाची बादली वाजली. मेली कायम नको तेव्हाच येते! तो मागच्या दारानं सटकला.

होळीच्या सकाळी प्रियांका परतली. धाकलू तीच चार माणसं आणि गोठ्याची कुडाची भिंत पाडायला पहार घेऊनच आला. दार उघडलं. आढ्याच्या दिव्यांखालची रोपं पुन्हा लोळत होती. शेजारच्या मांडणीवरची मात्र बुटकी, जाड, हिरवीगार, ताठ उभी! करपलेलं पान औषधालाही नव्हतं.

प्रियांकानं दोरीची गाठ बोटांनी चाचपली. बैलाच्या दाव्याची गाठ. त्या घरात ती एकालाच येत होती.

"दिवे जवळ हवे होते होय! मलाच कळलं नाय. गाठ तुमची ना, भाऊजी?"

चारही माणसं धाकलूकडेच बघत होती, आणि हौसा तर पदर तोंडाला लावून खुसखुसत होती.

"पहार ठेवा खाली," प्रियांका म्हणाली. "अर्धी रोपं ताठ आहेत, अर्ध्यांचे दिवे तुमी वरच राहू दिलेत. त्या बाजूचे दिवे पण बांधा. आत्ता, यांच्यासमोर."

दात खात त्यानं दोरी ओढली.

"अजून खाली," ती म्हणाली.