शेजारणीचा खोकला

कापसातली सरकी काढायची आमच्या गावची जिनिंग बाजारपेठेत होती. पेठेतल्या लोकांना तिच्या धुळीचा त्रास व्हायला लागला, म्हणून ती आमच्या वस्तीला लागून असलेल्या वावरात हलवायचं ठरलं. मालकाच्या अर्जात लिहिलं होतं की वस्तीतल्या बऱ्याच बाया जिनिंगमध्ये कामाला येतात, त्यांची पायपीट वाचेल. मालकाने बायांच्या पायांची काळजी केल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

हे १९६४ सालचं. मी नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होतो, तोही हंगामी. वस्ती माझीच. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हापासून गावानेही तिला नवीन नावाने बोलवावं अशी अपेक्षा होती. काही लोक बोलवायचेही.

अर्ज अकोल्याला गेला आणि तिथल्या डॉक्टरसाहेबांनी अडवला. हे साहेब मूळचे पुण्याचे. त्यांचं म्हणणं असं की जिनिंग तिथे आली तर लोकांच्या प्रकृतीवर काय परिणाम होईल ते आधी पाहा, परवानगीचं मग बघू. ऐकून आमचं ऑफिस चक्रावलं. आमच्याकडे परिणाम आधी पाहायची रीत नव्हती. आधी काम व्हायचं, मग आजार, मग चौकशीचा हुकूम, आणि चौकशी सुरू व्हायच्या आत साहेबाची बदली.

साहेबांनी छापील कागद पाठवले, घरटी एक. वस्तीतली शेहेचाळीस घरं मी दोन दिवसांत उरकली. खोकला कोणालाच नव्हता. दमही नव्हता.

आमच्या वऱ्हाडात दारी आलेल्या माणसाने तब्येत विचारली की 'बरं हाय' म्हणायचं असतं. आजारपण सांगणं म्हणजे पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवण्यासारखं. चतुराबाईंनी मला 'बरं' आणि 'हाय' यांच्या मध्ये इतका वेळ खोकून दाखवलं की मी तोवर पुढच्या घराचं नाव लिहून घेतलं. कागदावर मात्र 'निरंक'.

डॉक्टरसाहेबांनी कागद परत पाठवले. सोबत चिठ्ठी: 'इतकी निरोगी वस्ती महाराष्ट्रात दुसरी नसावी. पुन्हा पाहा.'

मी वैतागून पुन्हा निघालो. दुर्गाबाईंच्या दारात उभा राहिलो तर त्या कुंपणापलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मले काय इचारतं बाप्पा? त्या चतुराबाईले इचार. रातभर खोकलते, आमाले झोपू देत नाही."

मी चतुराबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मी? मले काई नाही. त्या दुर्गाबाईचा दम पाय ना. पान्याचा हंडा उचलला का खाली बसते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या वस्तीत स्वतःचं दुखणं कोणी सांगत नाही, पण शेजारणीचं दुखणं तोंडपाठ. मी घरोघर शेजारणीची तब्येत विचारत सुटलो. तीन दिवसांत एकतीस बायांना खोकला आणि अकरा पोरांना दम निघाला. पोरं आईला दुपारची भाकर घेऊन जिनिंगमध्ये जायची आणि तिथेच सरकीच्या ढिगांवर खेळायची. दुपारच्या तास-दोन तासांच्या खेळात अकरा पोरं. मग जिनिंग दारातच आली तर किती, हे सांगायला पुण्याचा माणूस लागत नव्हता.

साहेबांचं उत्तर आलं: शेजाऱ्याचं म्हणणं चालत नाही, मी स्वतः येतो.

ते आले. दुपारी विहाराच्या पत्र्याखाली बाया जमल्या. साहेबांनी शुद्ध भाषेत विचारलं, "आपल्यापैकी कोणाला काही त्रास?" कोणालाच नव्हता. मी हळूच म्हणालो, "साहेब, दुसरीचं विचारा."

त्यांनी विचारलं आणि एकच गलका झाला. हिने तिच्याकडे बोट दाखवलं, तिने हिच्याकडे. जिच्याकडे बोट जाई तिच्या छातीला साहेब नळी लावत, दोन मिनिटं ऐकत, आणि लिहीत. शेजारणी बहुतेक बरोबर निघाल्या. मी भिंतीला टेकून मजेत उभा होतो. एवढी अक्कल आपल्याला कशी सुचली, याचं मला मोठं कौतुक वाटत होतं.

तेवढ्यात दुर्गाबाई म्हणाल्या, "आन या मनकर्णाबाईले पाहा ना साहेब. तीन सालांपासून बसून झोपते. आडवी झाली का दम कोंडते."

मनकर्णा म्हणजे माझी माय, तीही जिनिंगमध्येच कामाला.

मी बारा महिने बाहेर ओसरीत झोपायचो. पहाटे आत गेलो की माय भिंतीला टेकून बसलेली दिसायची. मला वाटायचं, ती लवकर उठते. चार लोकांत मी तिचं कौतुकही करायचो. आमच्या घराचा कागद तर मी दोन्ही वेळा ऑफिसात बसूनच भरला होता, आणि मायचं दुखणं माझ्या तोंडावर कोणी सांगितलंही नव्हतं. साहेबांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

एप्रिलमध्ये हुकूम आला. वस्तीशेजारची जागा नामंजूर. जिनिंग नाल्यापलीकडे, दीड मैलावर, वारा वस्तीकडे येणार नाही अशा बाजूला. दुर्गाबाईंनी गूळ वाटला. मी हुकूम घेऊन पळतच घरी गेलो आणि मायला वाचून दाखवला.

तिने पूर्ण ऐकून घेतला. मग विचारलं, "दीड मैल म्हंजे आपल्या पेठेच्या किती पुढं?"

"पेठ अर्धा मैल आहे. त्याच्या तिप्पट."

"पेठेत कामाले जातानी मी तीन डाव बसतो," ती म्हणाली. "जिनिंग इथं वावरात आली असती, त आनखी दोन वर्सं काम झालं असतं माह्यानं. म्हनूनच तुले सांगतलं नोतं."

मी म्हणालो, "माय, आता तू कामाला जायचंच नाही. घरी बस."

"घरीच बसली ना मी," ती म्हणाली. "तुह्या कागदानं बसवली. पोराईसाठी बरं झालं. पन बावीस वर्सं मी कोनाच्या भाकरीवर नोती, देवमन."

मग ती चूल पेटवायला उठली, आणि चुलीपर्यंत जाताना एकदा भिंतीला धरून थांबली. साहेबांना पाठवलेला माझा अहवाल बरोबर होता. पुन्हा वेळ आली तर मी तोच लिहीन. त्या दिवशी मात्र तिच्यासमोर तो हुकमाचा कागद मला हातात धरवला नाही.