सहा महिन्यांचा मास्तर

निवृत्त मास्तर घरात बसला की मांजरासारखा पायात येतो, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. ते खोटं नाही. चार वर्षं मी पिंप्राळ्याच्या घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. शेजारपाजारच्या पोरांना गाठून पाढे विचारायचो, त्यामुळे पोरांनी आमच्या गल्लीतून जाणंच सोडलं. म्हणून फैजपूरजवळच्या माझ्या जुन्या शाळेतून प्रेमराजचा फोन आला, तेव्हा मी एकच विचारलं, "उद्या येऊ की आजच?"

प्रेमराज तिथला मुख्याध्यापक. पाचवीच्या ज्योती मॅडम बाळंतपणासाठी धुळ्याला माहेरी चालल्या होत्या आणि त्यांच्या जागेवर सहा महिने कोणीतरी हवं होतं. "चुडामण सर, तुम्ही आलात की वर्ग सुतासारखा सरळ," असं तो म्हणाला आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. रोज सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी यायचं. पहिल्याच दिवशी मी तासाभरात वर्ग सरळ केला. ज्योती मॅडमनी बाकं गोल मांडली होती, ती मी रांगेत लावली. पोरं गटात बसून बडबडत गणितं सोडवायची, ते बंद केलं.

मग हजेरी घ्यायला बसलो आणि खरी चूक तिथेच झाली. या गावात मी चौदा वर्षं शिकवलेलं. हजेरीत पोराच्या नावापुढे बापाचं नाव येतं, आणि तो बाप बहुतेक माझ्या हाताखालून गेलेला. लीलाधरचा ललित म्हटल्यावर मला पोराचा चेहरा बघायची गरजच वाटली नाही. लीलाधर हुशार होता, ललित पहिल्या बाकावर. खाण तशी माती. अशी अर्ध्या तासात मी तीस पोरं बसवली, बापांच्या मार्कांप्रमाणे.

"दिपमाला पुना..." वाचलं आणि मी चष्म्यावरून बघितलं. शेवटचं बाक दाखवलं. ती दप्तर उचलून गेली.

ज्योती मॅडमनी टेबलात एक चिठ्ठी ठेवली होती. नवोदयच्या परीक्षेला बसवायची तीन नावं, त्यात दिपमालाचं पहिलं. मला हसू आलं. नव्या बायांना पोरांची पारख कमी, असं मी मनात म्हटलं, आणि दोघांचेच फॉर्म भरून टाकले. पुनाच्या पोरीच्या डोक्याला उगाच ताप कशाला, हा माझा विचार. विचार कसला, माजच तो.

महिना-सव्वा महिना गेला. एका बुधवारी साडेअकराला ज्योती मॅडमचा धुळ्याहून फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"सर, आज फॉर्मची शेवटची तारीख. तिन्ही झाले ना? दिपमालाचा नोंदणी नंबर पाठवता का मला? दोन वर्षं तयारी करतेय हो ती. माझ्या पोटात बाळ, आणि ही रविवारी घरी येऊन गणितं सोडवायची."

मी म्हटलं, "बघतो." एवढंच. खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही.

वर्गात गेलो. फळ्यावर एक गणित लिहिलं, मुद्दाम वाकडं, टाकी भरण्याचं. ललितने डोकं खाजवलं. मी म्हटलं, "दिपमाला." ती आली आणि माझ्यापेक्षा एक पायरी कमी वापरून तिने ते सोडवलं. खडू जागेवर ठेवला. सव्वा महिना ही पोरगी माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

"नवोदयचे फॉर्म भरले तेव्हा बोलली का नाहीस?" मी खेकसलो. वास्तविक खेकसायचं तर स्वतःवर होतं.

"तुमी माह्यं नाव नाही घेतलं." ती जमिनीकडे बघत होती. "पप्पानं सांगेल आहे, गुरुजींले उलटून बोलू नको."

मी प्रेमराजच्या खोलीत धावलो. बासष्टाव्या वर्षी जितकं धावता येतं तितकं. फॉर्म ऑनलाइन, पण त्यासोबत एक कागद चढवायचा होता. त्यावर मुख्याध्यापकाची, मुलीची आणि पालकाची सही. दोन सह्या दोन मिनिटांत झाल्या. पालकाचं अडलं. पुना दीपनगरला वीज केंद्रात कंत्राटी कामावर, ड्यूटीत मोबाइल गेटवर जमा. आई मामाकडे चोपड्याला गेलेली. पाच वाजेपर्यंतची मुदत.

प्रेमराजने पेनाचं टोपण काढलं. "सर, मी ठोकून देतो पुनाची सही. कोण बघतंय?"

खरं सांगतो, मोह झाला. पेन मी अडवलं ते सत्यवादी म्हणून नाही. पुना सातवीत असताना त्याने प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच ठोकली होती. मी ती पकडली. प्रगतिपुस्तक त्याच्या गळ्यात बांधून मी त्याला सातही वर्गांतून फिरवलं, प्रत्येक वर्गात दोन छड्या. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, एक ढ कमी झाला. आता त्याच पुनाची खोटी सही मी कोणत्या तोंडाने करू?

"तुझी स्कूटर दे," मी म्हटलं.

बारा वाजून गेले होते. दोन्ही बाजूंना केळी, रस्त्यावर केळीचे ट्रक, आणि प्रत्येक ट्रकमागे मी हॉर्न वाजवत. तापीच्या पुलावर ट्रॅक्टर बंद पडलेला, तिथे वीस मिनिटं गेली. मी उतरून ट्रॅक्टरवाल्याशी भांडलो, मग त्यालाच धक्का मारला. सौभाग्यवतींचा फोन आला, डबा विसरलात म्हणून. तिच्यावरही ओरडलो. भुसावळ ओलांडताना मनात एकच होतं, पुना भेटला तर काय बोलायचं; आणि त्याच्या खालोखाल, नाही भेटला तर बरं. असाही माणूस असतो.

गेटवरच्या शिपायाने आत निरोप धाडला. अर्धा तास मी उन्हात फेऱ्या मारल्या. बसवेना. दोन वाजता राखेने पांढरा झालेला एक माणूस गेटमधून जवळजवळ पळतच आला.

"गुरुजी? तुमी? पोरीले काही झालं का?"

मी मान हलवली. कागद पुढे केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, की यादीत तिचं नाव होतं, मीच गाळलं, का गाळलं. त्याने हात पँटला पुसले, कागद गेटच्या खांबावर धरला आणि सही केली. सुंदर, वळणदार सही. मग गेटवरून मोबाइल मागून कागदाचा फोटो काढला आणि प्रेमराजला पाठवून दिला.

"पुना, त्या सहीचं..." मी सुरुवात केली.

"आबाले लिहिता येत नव्हतं, गुरुजी." तो मोबाइलकडेच बघत होता. "अंगठा द्यायची त्याले लाज वाटे. रेशनचा कागद असो का सोसायटीचा, घरातल्या बठ्ठ्या सह्या मीच करे. त्यानंच सांगलं व्हतं, याच्यावरबी कर."

"मग तेव्हा बोलला का नाहीस रे?"

"बाप अंगठाछाप आहे, हे बठ्ठ्या शाळेसमोर कसं सांगू?"

मला रडू आलं. त्या गेटवर, शिपायासमोर, मी डोळे पुसले आणि म्हणालो, "चुकलो रे मी. उद्या वर्गात सगळ्या पोरांसमोर सांगतो."

"नका सांगू." तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघत चढ्या आवाजात बोलला. "पोरीले यातलं काहीच माहीत नाही. मी तिले सांगेल आहे, माह्ये गुरुजी व्हते, त्याहीच्यासारखं गणित जिल्ह्यात कोणी शिकवत नाही. तुमी आले त्या दिवशी पोरगी नाचली, गुरुजी. ते राहू द्या तसंच."

भोंगा झाला. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला आणि आत गेला. मला त्याला अडवताही आलं नाही.

परत पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रेमराज लॅपटॉपसमोर घामाघूम, स्क्रीनवर चक्री फिरत होती. दिपमाला दाराशी उभी. मी खोलीत चकरा मारायला लागलो तसा प्रेमराज म्हणाला, "सर, बसा हो, तुमच्यामुळे साइट अजून घाबरतेय." तीनदा फॉर्म अडकला. चौथ्यांदा, पाचला बारा मिनिटं कमी असताना नोंदणी क्रमांक आला. दिपमालाने तो वहीत उतरवला, पुन्हा एकदा ताडून बघितला, आणि मगच हसली.

मी ज्योती मॅडमना फोन लावला. फॉर्म भरला, उशीर माझ्यामुळे झाला, नाव मीच गाळलं होतं, असं सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे अजून पावणेपाच महिने आहेत," आणि फोन ठेवला.

शाळा सुटली होती. दिपमाला दप्तर घेऊन अजून तिथेच घुटमळत होती.

"गुरुजी, पप्पा म्हने, तुमी शिकवलं तर मी पास होईनच. खरं का?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. हो म्हणायला जीभ रेटेना, नाही म्हणायची मला बंदी होती.

"उद्यापासून नऊला येत जा, शाळा भरायच्या आधी," मी म्हटलं. "गणिताची वही आण."

"कोणती? मॅडमची, का तुमची?"

"मॅडमची," मी म्हटलं. "त्या जिथे थांबल्या, तिथून पुढे."