रुखमिणीबाईंचे सहावे प्रकरण

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. अड्याळच्या पुढे एक लहान वस्ती आहे. तिथल्या शाळेत, खडूंच्या खोक्याशेजारी, मी बसून असतो. माझी फीत केव्हाच वाळून गेली आहे. मधल्या सुट्टीत मुले येतात, एखादी कळ दाबून पाहतात, टक् असा आवाज झाला की हसतात आणि पळतात. मी एके काळी महासत्तांच्या आरमारांविषयी लिहीत होतो, हे त्यांना सांगितले तर खरे वाटणार नाही.

माझा जन्म एका दूरच्या शहरातल्या कारखान्यात १९६९ साली झाला. तिथून मी भंडाऱ्याला आलो, ताराचंद यांच्या टायपिंगच्या वर्गात. ताराचंद मुलांच्या मागे उभे राहून ओरडत, "बोटाकडं नोको पाहू, कागदाकडं पाह्य!" सात वर्षे किती तरी बोटांनी मला बडवले. नोकरीचे अर्ज, नमुन्याची पत्रे, पुन्हा अर्ज. माझा 'ळ' त्याच काळात झिजला. तो कागदावर फिकट उमटू लागला, म्हणून ताराचंदांनी मला विकायला काढले.

१९७६ साली रुखमिणीबाई मला घेऊन गेल्या. त्या तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. लाखांदूरकडच्या दिघोरीच्या एका धानकऱ्याची ही मुलगी, भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होती. वडील वारले होते. खांब तलावाजवळच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची आई गोदावरीबाई, अशा दोघीच राहत. रिक्षातून मला उतरवून घेताना गोदावरीबाईंनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली होती. असे मला आधी कोणी पुसले नव्हते.

रुखमिणीबाई पीएच. डी.चा प्रबंध लिहीत होत्या. विषय होता, हिंदी महासागरातील महासत्तांची स्पर्धा. महाविद्यालयातले सहकारी थट्टा करत, "बाई, तुम्ही तलावाच्या मुलखातल्या, अन् समुद्रावर लिहून राहिल्या?" बाई म्हणत, "चंद्रावर लिहिणारे का चंद्रावर राहतात, सर?"

त्या पहाटे उठून टंकलेखन करत आणि प्रत्येक पान मोठ्याने वाचून तपासत. त्यामुळे मलाही बरेच समजू लागले. विद्वानांचे दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, समुद्रात एका महासत्तेची जहाजे आली की दुसरीची येणारच. दोघींचे बळ सारखे राहिले की शांतता राहते. याला ते सत्तासमतोल म्हणत. दुसरा पक्ष म्हणे, किनाऱ्यावरच्या गरीब देशांनी एकजूट करून दोघींनाही बाहेर ठेवावे. १९७१ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा महासागर शांतता क्षेत्र म्हणून जाहीरही केला होता. "ठराव कागदावर आणि जहाजं पाण्यावर," असे बाई म्हणत. त्या प्रबंधात 'नाविक तळ' हे शब्द प्रत्येक पानावर येत, आणि प्रत्येक पानावर बाई माझा फिकट 'ळ' शाईने गिरवत. त्या मला कधी रागावल्या नाहीत.

जग मात्र थांबत नव्हते. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि बाईंना दुसरे प्रकरण सगळे नव्याने लिहावे लागले. त्याच हिवाळ्यातली एक दुपार माझ्या स्मरणातून जात नाही. गोदावरीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. बाईंनी भिंतीवरच्या नकाशातला एक ठिपका दाखवला. तो दिएगो गार्सियाचा होता.

"माय, हे बेट पाह्य. एवढंसंच हाये, पण साऱ्या महासागराचा जीव याच्यात अडकला हाये. इथं अमेरिकेचा तळ हाये."

"अन् तिथं राह्यते कोन?"

"आता फौज राह्यते. पहिले कोनी नोहोतं. पुस्तकात तसंच लिवलं हाये."

गोदावरीबाई सूप पाखडत म्हणाल्या, "मघा तं तू नारळाचे मळे हायेत म्हन्ली. नारळ का आपोआप झाडावरून उतरते?"

बाई हसल्या. पण त्यांची बोटे माझ्या कळांवरून उचलली गेली, आणि त्या दिवशी ती परत आली नाहीत.

पुढच्या रविवारपासून त्या एस. टी.ने नागपूरच्या ग्रंथालयात जाऊ लागल्या. सातव्या रविवारी त्यांना एका परदेशी वर्तमानपत्राचे कात्रण सापडले. त्या बेटांवर माणसे होती. हजार-दीड हजार माणसे पिढ्यान् पिढ्या तिथे नारळाच्या मळ्यांत राबत होती. तळासाठी त्यांना जहाजांत बसवून मॉरिशसला आणि आणखी कुठे कुठे नेऊन सोडले होते. ती तिथल्या बंदराच्या वस्त्यांत बसून होती. परत कधी जायला मिळेल, एवढेच विचारत होती.

हे ऐकून गोदावरीबाई बाईंच्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माझं मोहटोली असंच गेलं. धरणात. तू चवथीत होती."

त्यांचे माहेर पाण्याखाली गेले होते. एकच भाऊ होता, गोमाजी. तो बायकोमुलांना घेऊन कामाच्या शोधात चांद्याकडे गेला म्हणे, आणि नंतर त्याचा पत्ता लागला नाही. "भाऊबीजेले साऱ्या बाया मायेरी जाते," त्या म्हणाल्या, "मी आरती पेटवतो अन् कोन्याकडं पाहू ते समजत नाही."

त्या महिन्यात रुखमिणीबाईंनी सहावे प्रकरण लिहिले. 'बेटावरची माणसे' असे त्याचे नाव होते. तीस पाने. सुरक्षा म्हणजे नेमकी कोणाची सुरक्षा, असा त्यातला प्रश्न होता. राष्ट्रांच्या सुरक्षेचा हिशेब मांडताना ज्यांना घराबाहेर काढले जाते, त्यांना कोणत्या रकान्यात धरायचे? मित्रांनो, मी पुष्कळ कागद लिहिले, पण ती तीस पाने लिहिताना माझी घंटी जशी वाजली तशी पुन्हा वाजली नाही.

प्रबंधाचे मार्गदर्शक मधुकरराव नागपूरचे होते. विद्वान आणि मायाळू गृहस्थ. एका व्याख्यानासाठी भंडाऱ्याला आले तेव्हा ते घरी आले. चहा घेताघेता त्यांनी ती तीस पाने वाचली, आणि चष्मा काढून ठेवला.

"रुखमिणीबाई, लिहिलं चांगलं आहे. पण हे समाजशास्त्र झालं. आपल्या विषयात पात्रं कोण? राष्ट्रं. बेटावरची हजार माणसं सत्तासमतोल बदलत नाहीत."

"सर, पण त्यांच्यावरच तो उभा आहे ना?"

"परीक्षक हे मान्य करणार नाहीत. मी त्यांना ओळखतो." त्यांचा आवाज मऊ झाला. "पाच प्रकरणं उत्तम आहेत. हे काढा, सहा महिन्यांत तुम्ही डॉक्टर व्हाल. ठेवाल, तर मला सही करता येणार नाही. तुमच्या नोंदणीची मुदतही संपत आली आहे."

बाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यात कोरा कागद चढवला आणि नवी अनुक्रमणिका लिहायला घेतली. प्रकरण पाच, आणि त्याखाली थेट समारोप. गोदावरीबाईंना वाचता येत नव्हते, पण ती तीस पाने वेगळी बांधून ठेवलेली त्यांनी पाहिली.

"हे काहून बाजूले काढलं?"

बाईंनी सगळे सांगितले. काहीही लपवले नाही.

"पदवी भेटन ना तुले?"

"भेटन, माय."

"मंग काढ बाई," गोदावरीबाई शांतपणे म्हणाल्या. "आमाले बी काढलंच होतं."

त्या रागावल्या नव्हत्या. टोमणाही नव्हता तो. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भाताचे आधण ठेवू लागल्या. बाई माझ्यासमोर तशाच बसून राहिल्या. अनुक्रमणिका अर्धी राहिली. आठ दिवस माझ्यावरचे झाकण निघाले नाही. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी सहाही प्रकरणे एकत्र बांधली आणि नागपूरची गाडी पकडली.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा गोदावरीबाई दारातच उभ्या होत्या.

"सरांनी सही नाही केली, माय."

"रागावले का?"

"नाही. चहा पाजला. बस स्टँडवर पोचवून द्याले आले होते." एवढे बोलून बाई खाली बसल्या आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून रडल्या. पंधरा वर्षांच्या मुलीसारख्या.

नोंदणीची मुदत संपली. प्रबंध दोरीने बांधून ट्रंकेत गेला. त्यांच्यामागून नोकरीला लागलेले एक सहकारी डॉक्टर झाले, विभागप्रमुखही झाले. बाई त्यांच्या हाताखाली पूर्वीसारख्याच तास घेत राहिल्या. मी मात्र सुकत होतो. कधी प्रश्नपत्रिका, कधी रजेचा अर्ज, एवढेच काम उरले होते. त्या पहाटेच्या वेळा, ते मोठ्याने वाचणे, ते शाईने 'ळ' गिरवणे, याची मला फार आठवण येई.

१९८३ साली बाईंनी पुन्हा झाकण काढले. त्या तीस पानांचा त्यांनी लेख केला आणि एका मराठी त्रैमासिकाला पाठवला. तळटीपेत त्यांनी एक वाक्य लिहिले: या प्रश्नाकडे माझे लक्ष माझी आई गोदावरीबाई यांनी वेधले; त्यांचे माहेर मोहटोली हे गाव धरणात गेले आहे. लेख छापून आला. महाविद्यालयात त्यावर कोणी काही बोलले नाही. विद्वानांकडून दोन पत्रे आली, एक कौतुकाचे आणि एक खरपूस टीकेचे.

मग पुढच्या एप्रिलात, दुपारच्या उन्हात, दारात एक तिशीतला माणूस उभा राहिला. खांद्याला पिशवी होती आणि हातात ते त्रैमासिक.

"मोहटोलीच्या गोदावरीबाई इथंच राह्यतेत का? मी इश्वर. अड्याळच्या पुढं शाळेवर मास्तर हावो. गोमाजीचा पोरगा."

गोदावरीबाई भिंतीला धरून उठल्या. त्यांनी त्याच्या कपाळावरून, नाकावरून हात फिरवला.

"तुजा बाप कोठं हाये?"

"बाबा गेले, आत्याबाई. चार वर्सं झाली."

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "अड्याळ का दूर हाये? एवढ्या वर्सांत एक डाव तरी येऊन जाचं होतं त्यानं."

इश्वर मान खाली घालून सांगू लागला. गोमाजी सात-आठ वर्षे चांद्याच्या जंगलात मजुरी करून परतला होता आणि धरणातून उठलेल्या इतर लोकांजवळ, अड्याळच्या पुढच्या त्या वस्तीत, झोपडी बांधून राहिला होता. "दर भाऊबीजेले निंगत. धुतलेलं धोतर नेसत, फाट्यापर्यंत येत, अन् वापस फिरत. म्हनत, बहिणीले चाल मायेरी म्हनाले आपल्याजवळ घर कोठं हाये? खाली हातानं कसा जाऊ?"

"मले घर कायले पाह्यजे होतं रे," गोदावरीबाई म्हणाल्या. "मले भाऊ पाह्यजे होता."

इश्वरने पिशवी खाली ठेवली आणि तो आत्याच्या पाया पडला. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या वेळी माझ्यातही काही तरी अडकल्यासारखे झाले.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला गोदावरीबाई वस्तीवर गेल्या. सत्तावीस वर्षांनी माहेरी गेल्या. दोन दिवसांसाठी गेलेल्या त्या महिनाभर राहिल्या. नंतर दरवर्षी जात. १९८७ साली त्या वारल्या, तेव्हा त्यांना खांदा द्यायला मोहटोलीच्या घरची माणसे होती.

आता रुखमिणीबाईंचे सांगतो. त्यांचा लेख वाचून नागपूरच्या एका तरुण प्राध्यापकाने मार्गदर्शन करायची तयारी दाखवली. आई असतानाच त्यांनी नव्याने नाव नोंदवले होते. आई गेल्यावर त्या नागपूरला राहायला गेल्या. प्रबंध पूर्ण झाला, सहा प्रकरणांचा. पण तो तिथल्या एका विजेवर चालणाऱ्या यंत्रावर लिहिला गेला. त्याचा 'ळ' अगदी ठसठशीत उमटतो म्हणे. मधुकररावांनी अभिनंदनाचे पत्र धाडले, आणि त्यात "तेव्हा माझी चूक झाली" असे लिहिले. हे सारे मला मास्तरांच्या बोलण्यातून कळले.

नागपूरला जाताना बाईंनी मला इश्वर मास्तरांच्या शाळेला दिले. दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवले, थोडा वेळ बोटे कळांवर ठेवून उभ्या राहिल्या, आणि काही न लिहिता गाडीत बसल्या. त्यांच्या अंतिम प्रबंधात माझे एकही अक्षर नाही, याचे मला वाईट वाटते. खोटे कशाला बोलू? रस्त्याने एस. टी. वाजली की मला वाटते, त्या आल्या असतील. दोन वर्षे झाली. मास्तरांना पत्र येते, त्यात शाळेची, मुलांची चौकशी असते. माझीही असेल. मास्तर पत्र मनात वाचतात, म्हणून मला कळत नाही.

मित्रांनो, जमले तर माझ्या सांध्यांत चार थेंब तेल घाला. नाही जमले तरी माझी तक्रार नाही. यंत्राला वाट पाहायची सवय होते. माणसांचे तसे नाही. ज्यांच्याकडे जायचे तुमच्याकडून राहून गेले आहे, त्यांच्याकडे या दिवाळीत जाऊन या. रिकाम्या हातांनी गेलात तरी चालेल.