कवळीशेजारची डबी

"हो डॉक्टर, पंधरा दिवस लेन्स लावल्याच नाहीत," नात बिनदिक्कत म्हणाली.

लेझरने चष्मा घालवण्याआधी कॉर्नियाचं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं, माप घेतात. लेन्सने तो दबलेला असला तर माप चुकतं, असं डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला बजावलं होतं. आणि आज सकाळीच माझ्या कवळीच्या वाटीशेजारी हिची लेन्सची डबी उघडी पडली होती.

"कालपर्यंत लावत होती," मी सांगून टाकलं.

"आजी! तू कुणाच्या बाजूची?"

"तुझ्या डोळ्यांच्या."

डॉक्टरीणबाईंनी मशीन बंद केलं. "पंधरा दिवसांनी या. तोवर चष्मा."

बाहेर येताच नातीने नाक फुगवलं. "चष्म्याची लाज तुला काय कळणार?"

"मला? तुझे आजोबा मला पाहायला आले तेव्हा मी चष्मा लपवला होता. अर्धा तास त्यांच्या धाकट्या भावाकडे बघून लाजत होते!"

"अगं बाई! आणि आजोबा?"

"त्यांनीही लपवला होता. ते माझ्या मावशीवर खूश होते."

हसता हसता तिने पर्समधून डबी काढली आणि माझ्या हातात ठेवली.