व्हर्नाची उशी

घरी बसण्यात व्हर्नाचा फायदाच फायदा होता, हे तिचा भाऊ ड्वेन तिच्याच स्वयंपाकघरात उभा राहून तिला पटवून देत होता. स्टेडियमच्या पायऱ्या चढायला नकोत. त्या पत्र्याच्या बाकाचा गारठा गुडघ्यात शिरायला नको. गाडी लावायला चर्चमागच्या चिखलात जायला नको. मागच्या रांगेतला पोरगा कानाशी भोंगा वाजवतो, तोही नको. शनिवारची अख्खी दुपार पदरात. एवढं एका दमात सांगून ड्वेनने डोक्यावरची लाल टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"हे मी म्हणत नाहीये हां. सगळ्यांचं म्हणणं आहे."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचं?"

"लायलचं."

लायल व्राना बाहेर गाडीत इंजिन चालू ठेवून बसला होता. आयुष्यभर या माणसाने औषधाच्या दुकानात गावाला तोलूनमापून गोळ्या दिल्या. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर खोकल्याचं औषध द्यायचा नाही. त्याच लायलने आता व्हर्नाचा पायगुण वाईट असल्याचं निदान केलं होतं, आणि ते सांगायला भावाला पुढे धाडलं होतं.

ऑर्डेल कॉलेजचा फुटबॉल संघ, क्रेन्स, म्हणजे क्रौंच पक्षी, हंगामाचे पहिले चारही सामने जिंकला होता. नेब्रास्कात नदीकाठच्या या गावाला हरायची उत्तम सवय होती. हरायचं, खिमा-राजम्याची झणझणीत चिली खायची, प्रशिक्षकाला शिव्या घालायच्या आणि रविवारी प्रार्थनेला जायचं. जिंकायला लागल्यापासून मात्र गाव पार बिघडलं. न्हावी संघाच्या खेळाडूंचे केस कापेना. पाद्रीबाबांनी पहिल्या विजयाच्या आदल्या रविवारी जे प्रवचन दिलं होतं तेच ते सलग चार रविवार देत होते आणि लोक मान डोलावून ऐकत होते. ड्वेनचा शर्ट धुवायची त्याच्या बायकोला, जोलीनला, मनाई होती. ती त्याला सामन्याच्या दिवशी दाराच्या कडीला हात लावू देत नसे, स्वतःच दार उघडून त्याला वाऱ्याच्या दिशेने बाहेर काढत असे. संघ चांगला खेळतोय, एवढं साधं कारण कोणाला पटत नव्हतं. तसं एकदा मान्य केलं तर उद्या तो वाईटही खेळू शकतो हेही मान्य करावं लागलं असतं.

व्हर्नावरचा पुरावा असा. पहिल्या सामन्याला ती नव्हती. ती शाळेची बस चालवायची, आणि त्या दिवशी शाळेच्या बँडची मुलं घेऊन दुसऱ्या गावी गेली होती. क्रेन्स दणक्यात जिंकले. दुसऱ्याला ती होती, तर जीव टांगणीला लागून कसेबसे जिंकले. तिसऱ्याला सर्दीने अंथरुणात होती. ज्यांना कधी हरवलं नव्हतं त्यांना हरवलं. चौथ्याला ती आपल्या जागेवर बसली आणि समोरच्यांनी धडाधड गुण घेतले. ती कॉफी आणायला उठली, आणि ती रांगेत असताना क्रेन्सनी तीन टचडाऊन केले.

हे शेवटचं तिनेच हसत हसत सांगितलं होतं, हीच चूक. रांगेत उभी असताना वरून पहिली आरोळी आली तेव्हा तिने मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. दुसरी आली तेव्हा आणखी दोघांना. साठी ओलांडलेली बाई, पण हातातले सुटे पैसे घट्ट धरून, श्वास रोखून रांगेच्या शेवटाला उभी राहिली होती. ही गंमत चिली खाताना तिने सांगितली. सगळे हसले. लायल हसला नव्हता.

"शनिवारी स्टॅन्टनविरुद्ध आहे, आपल्या जुन्या वैऱ्यांविरुद्ध," व्हर्ना म्हणाली. "स्टॅन्टनविरुद्धचा सामना मी कधी चुकवलाय, ड्वेन? बर्फ पडत होता तेव्हा तू घरी होतास. मी आणि बाबा होतो तिथे. बाबांना पोटातलं दुखणं निघालं त्या वर्षीसुद्धा होतो. कोण होतं तिथे?"

"तेच तर म्हणतोय लायल."

"काय म्हणतोय?"

"की तू नेहमी होतीस." ड्वेनने नजर फ्रीजकडे वळवली. "आणि आपण नेहमी हरलो."

ती भांडी घासायच्या नळाकडे वळली. नळ चालू केला, बंद केला.

"आणि माझ्या जागेवर कोण बसणार?"

"कोणी नाही! वेडी आहेस का? तुझी जागा ती तुझी जागा." ड्वेनचा चेहरा एकदम उजळला. अवघड भाग संपला असं त्याला वाटलं. "फक्त ती उशी दे."

"कुठली उशी?"

"बाबांची. पहिल्या सामन्याला तू नव्हतीस, पण उशी होती. जोलीनने आणली होती. तिसऱ्यालाही. उशीचा काही दोष नाहीये, लायलने नीट तपासलंय."

लाल रेक्झिनची ती उशी दाराशेजारच्या खुंटीवर होती. तिच्यावर आईने करड्या दोऱ्याने एक क्रेन पक्षी भरला होता. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब झालेला. बाबा चाळीस वर्षं त्या पक्ष्यावर बसले, नंतर व्हर्ना बसली. ड्वेनने ती स्वतःच काढून बगलेत मारली.

"आणि हे बघ, रेडिओ नाही. टीव्ही नाही. फोनवर बघायचं नाही. लायल म्हणतो, रेडिओ ऐकणं म्हणजे हजर राहिल्यासारखंच."

"श्वास घेतला तर चालेल का, विचार त्याला."

"चिडू नकोस ना, बाई. एका वर्षाचा प्रश्न आहे." मग दारात थांबून, हळू आवाजात, "एक वर्ष आपलं येईल, असं बाबा म्हणायचे ना, ते हेच आहे गं. मला आतून वाटतंय. मी आता सत्तरीचा झालो. अजून किती वाट बघू?"

तिला भयंकर राग आला, कारण तिलाही आतून तेच वाटत होतं.

शनिवारी तिने पहाटे उठून चिली रटरटत ठेवली, दालचिनीचे रोल भाजून वर साखरेचा पाक ओतला. सामना संपल्यावर सगळे तिच्याकडेच जेवायला येत. त्यात मात्र कोणाला नाट लागलेली दिसली नव्हती. दुपारी बाहेर पडली तर गाव ओस पडलेलं. तिचं घर स्टेडियमपासून तीन गल्ल्या. तिथे आरोळी कानावर येणार. आरोळी ऐकणं म्हणजे हजर राहणं का, हे लायलला विचारायचं राहिलंच होतं. म्हणून तिने गाडी नदीकाठाने दूर काढली. वाटेत स्वतःवरच चरफडत होती. कोण पोरं ती, धड दाढी न फुटलेली, आणि त्यांच्या पायात बळ यावं म्हणून आपण मैलोन् मैल पळतोय. यातल्या निम्म्या पोरांना मी बसमध्ये नाक पुसायला लावलंय.

पेट्रोल पंपावर ती पाणी घ्यायला आत गेली. गल्ल्यावरच्या मुलीच्या मागे रेडिओ खरखरत होता. व्हर्नाने दोन्ही हात कानांवर ठेवले.

"बंद कर! बंद कर गं बाई तो!"

मुलीने पटकन बंद केला आणि दयेने तिच्याकडे बघितलं. "तुम्हालाही घालवलं?"

"तुला कसं कळलं?"

"आमचे पपा आज गोठ्यात बसलेत. आईने बाहेरून कडी घातलीय. सकाळी एक माणूस आला होता, तो तर पार कॅन्ससला चाललाय, मेहुण्याने पाठवलं म्हणून." मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. "सांगू का, कसं चाललंय ते? हळूच सांगते."

व्हर्नाच्या ओठांवर 'सांग' आलं होतं. हंगामातला स्टॅन्टनचा सामना, आपल्याच गावात चाललेला, आणि ती एका बाटलीसमोर उभी.

"नको," ती म्हणाली. आणि पैसे ठेवून निघाली.

नदीवर चिटपाखरू नव्हतं. क्रेन पक्षी यायला अजून अवकाश होता. ती गाडीतच बसली, काचा वर करून. गाडीचा रेडिओ जुलैतच मेला होता, त्याला दुरुस्त करून घ्यावं असं ती रोज म्हणायची. पाऊस सुरू झाला. तेव्हा तिला उशी आठवली. कोणीतरी तिच्यावर काहीतरी धरेल का? जोलीन धरेल. नाही, जोलीन दार धरणारी. तिला सामन्यात दुसरं काही धरायची परवानगी नसेल.

अंधार पडता पडता ती परतली. चिलीखालची आच वाढवली. पहिली गाडी आली. दार आपटल्याच्या आवाजावरूनच तिला कळलं.

तिघं आत आले. जोलीनने तिच्याकडे बघून फक्त मान हलवली. ड्वेन टेबलाशी बसला, टोपी न काढता. पावसाचं पाणी टोपीच्या काठावरून त्याच्या ताटलीत टपकत होतं. लायल मात्र कोट न काढता उभाच राहिला.

"शेवटच्या क्षणाला," जोलीन म्हणाली. "आपल्या पोराने लाथ घातली, चेंडू सरळ गेला, आणि गोलच्या खांबाला आपटून इकडे आला. तिकडे गेला असता तर जिंकलो असतो."

"वीतभर," ड्वेन म्हणाला. "वीतभर फक्त."

कोणी चिलीला हात लावेना. व्हर्नाने वाढलं, रोल ठेवले. ड्वेन ताटलीकडे असा बघत होता की जणू ती रिकामी आहे. तिने त्याला असं एकदाच बघितलं होतं, बाबांच्या खाटेशी.

"व्हर्ना," लायलने घसा खाकरला. दुकानात 'हे उपाशीपोटी घेतलंत का' असं विचारायचा, तोच आवाज. "शांतपणे विचारतोय. रेडिओ लावला होतास का?"

व्हर्नाला संताप आला. मोठा, धगधगीत, चाळीस वर्षांच्या बाकाएवढा लांबलचक संताप. सांगावं याला: नदीवर मरत बसले होते मी, कान झाकून, तुमच्या त्या वीतभर खांबासाठी. मी नव्हते, आणि तरी हरलात. आता कोणाला हाकलाल? तिने तोंड उघडलंही. पण ड्वेनने मान वर केली होती. सत्तरीचा तो माणूस, पावसात भिजलेला, न धुतलेल्या शर्टात, तिच्याकडे असा आशेने बघत होता जसं लहानपणी बाबांनी हात उगारल्यावर बघायचा: तू सांग ना, की फुलदाणी तू फोडलीस.

"लावला होता," व्हर्ना म्हणाली. "अगदी शेवटी. दोनच मिनिटं."

"बघ!" लायलने टेबलावर हात मारला. "बघ, बघ! मी म्हटलं होतं की नाही? लाथ बरोबर होती! पोराची लाथ बरोबर होती!"

"व्हर्ना!" ड्वेन उभा राहून ओरडला. "दोन मिनिटं! दोन मिनिटं तुला दम धरवला नाही? एवढं सांगितलं होतं! अगं, लहान पोर आहेस का तू?"

"चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं म्हणे!" तो ओरडला, आणि बसला, आणि टोपी काढली, आणि चमचा उचलला. मग लायलनेही कोट काढला. थोड्याच वेळात दोघं तावातावाने बोलत होते: संघात खोट नाही, पुढचा सामना तर हातचाच, व्हर्नाला मात्र त्या दिवशी ओमाहाला मावसबहिणीकडे पाठवायचं आणि फोन काढून घ्यायचा. ड्वेनने दुसरा रोल घेतला. तिसराही घेतला.

जोलीन ताटल्या घेऊन व्हर्नाशेजारी उभी राहिली.

"तुझ्या गाडीचा रेडिओ जुलैपासून बंद आहे ना गं?"

"हळू बोल."

जोलीनने तिच्या दंडाला नुसता हात लावला, आणि ताटली पुसायला घेतली.

जाताना सगळ्यांचं मन हलकं होतं. जोलीनने दार उघडलं. ड्वेनने दाराशी टेकवलेली उशी व्हर्नाच्या हातात दिली. उशी गच्च भिजली होती. पक्ष्याच्या लांब पायाचा दोरा सुटून लोंबत होता.

"एवढी नीट वाळव हां," तो मायेने म्हणाला. "शनिवारी लागेल."

मग तिने मनाशी झाडा घेतला. ड्वेनला त्याचं वर्ष परत मिळालं. लायलचं निदान खरं ठरलं. लाथ मारणाऱ्या पोराला उद्या चर्चमध्ये कोणी टोमणा मारणार नव्हतं. हरलं कोण, तर नदीवर बसलेली एक बाई, जिने सामना पाहिलाही नव्हता.

तिने हीटरजवळची खुर्ची ओढली, तिच्यावर उशी टेकवून ठेवली, पक्षी वर करून. मग सुईत करडा दोरा ओवला आणि तिच्यासमोर स्टुलावर बसली.