चंद्रीची खीर

भाग्यश्रीच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी दिसली आणि माझ्या सुनेनं, मोनालीनं हातातलं उलथनं आपटलं.

"मामा, पुन्हा पाजलंत ना?"

आमचे मालक, पोपटराव, गोठ्याच्या दारात चरवी पाठीमागं लपवून उभे. "म्या न्हाई. तीच म्हशीपाशी गेली आसंल."

खुटबावला असतानाची, शहाण्णव-सत्त्याण्णवची ही गोष्ट. नात भाग्यश्री दोन वर्षांची. दूध प्यायली की पोट फुगायचं, जुलाब लागायचे. दौंडच्या डॉक्टरांनी दूध बंद करून शेंगदाण्याचं द्यायला सांगितलं होतं. सून दाणे भिजवायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची. मालकांच्या मात्र ते पचनी पडेना.

"दावणीला तीन म्हशी, आन् माझ्या नातीनं दाणं पिळून प्यायचं?"

त्या दुपारी पोर पोट धरून लोळली. मोनालीनं पिशवी भरली आणि मला म्हणाली, "आत्या, मी हिला घेऊन वरवंडला आईकडं जाते."

मालक आडवे आले. "थांब. उद्या दोन्ही दुधांची खीर कर. डोळं मिटून वळखली, तर पोर दूधच पिणार."

"आन् चुकलात तर?"

"तर दाणं म्या वाटीन!"

हा माणूस कुठल्या म्हशीचं दूध ते बोट चाटून सांगायचा. डेअरीवाले बबनरावसुद्धा पाण्याचा संशय आला की यांनाच बोलावायचे.

दुसऱ्या दिवशी मालक डोळ्यांवर पंचा बांधून बसले. नात त्यांच्या मांडीवर मलूल पडलेली. मोनालीनं वेलदोडा सढळ हातानं घातला होता. पहिली वाटी दाण्याची. त्यांनी घोट घेतला आणि जबडा थबकला. दुसरी चाखली. मग कितीतरी वेळ पोरीच्या फुगलेल्या पोटावर हात फिरवत राहिले.

"पहिली," ते म्हणाले. "पहिली आपल्या चंद्रीच्या दुधाची. दुसरी काय पाणचट हाय!"

"चुकलात, मामा!" मोनालीनं टाळीच वाजवली.

"चुकलो? म्हातारा झालो गं."

सकाळी पाटा घासल्याचा आवाज आला. धोतर खोचून मालक दाणे वाटत होते. कुंपणापलीकडून शेजारची धुरपदा तोंडाला पदर लावून हसत होती.

मी जवळ गेले, तशी हळूच म्हणाले, "सुनंला सांग, दाण्याची सालं नीट काढत जा. कालच्या खिरीत जिभंला लागत व्हती."

"चंद्रीच्या दुधाला सालं असत्यात व्हय?"

ते खाली मान घालून वाटतच राहिले.